दुर्बिणीच्या ऑपरेशनात भाजतं कसं?

मावशीचं गर्भाशय काढायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी मावसभावाने संमतिपत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. एका ओळीभोवती लाल गोल काढलेला: ‘शेजारच्या अवयवांना उष्णतेमुळे इजा होण्याची शक्यता.’ खाली मावशीचा आवाज. “अगं, दुर्बिणीतून करणार म्हणाले ना? मग भाजायचं कुठून आलं? पोटात काय विस्तव घेऊन जातात की काय?”

दोन मिनिटांनी दुसरा फोटो आला, खर्चाच्या अंदाजपत्रकाचा. त्यात ‘हार्मोनिक’ अशी एक ओळ आणि समोर पाच आकडी रक्कम. भावाचा प्रश्न: “ऑपरेशन चालू असताना हार्मोनियम वाजवतात का गं?”

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच वस्तूत आहे. मी बायोमेडिकल इंजिनीअर आहे. ऑपरेशन करणं माझं काम नाही. करणाऱ्यांच्या हातातली यंत्रं नीट चालतात की नाही ते मी बघते. ही हार्मोनिक नावाची कात्री मी शेकडो वेळा हाताळली आहे, तपासली आहे, एकदा तिचा चटकाही खाल्ला आहे. तेव्हा मावशीला फोनवर जे सांगितलं, तेच जरा सविस्तर.

आत जातं काय?

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटावर अर्ध्या ते एक सेंटिमीटरची तीन-चार भोकं पाडतात. कार्बन डायऑक्साइड भरून पोट तंबूसारखं फुगवतात, म्हणजे आत हालचालीला जागा होते. एका भोकातून कॅमेरा जातो, बाकीच्यांतून लांब दांड्यांची हत्यारं. सर्जनची नजर सगळा वेळ समोरच्या पडद्यावर. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी १९९० मध्ये या पद्धतीने पित्ताशय काढलं, तेव्हा भारतात ती नवलाई होती. आता तालुक्याच्या गावातही दुर्बिणीची पाटी दिसते.

पोट उघडं असेल तर रक्त येणारी शीर चिमट्यात धरून दोऱ्याने बांधता येते. तेच भोकातून करणं म्हणजे बाटलीच्या तोंडातून आत हात न घालता सुईत दोरा ओवणं. जमतं, पण वेळ खातं. म्हणून कापता कापताच शीर बंद करणारं हत्यार हवं होतं.

असं एक हत्यार होतंच, विजेवर चालणारं. १९२६ मध्ये अमेरिकेत बॉस्टनला विल्यम बोव्ही यांनी बनवलेलं यंत्र मेंदूचे सर्जन हार्वे कुशिंग यांनी वापरलं, तेव्हापासून ते ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, ठाण मांडून आहे. त्याच्या नेहमीच्या प्रकारात विजेचा प्रवाह टोकातून रुग्णाच्या शरीरात शिरतो आणि मांडीला चिकटवलेल्या पट्टीतून परत यंत्राकडे जातो. पुढे १९९०च्या दशकात दुसरं हत्यार आलं, त्यात शरीरातून वीज जातच नाही. ही अल्ट्रासॉनिक कात्री. ‘हार्मोनिक’ हे खरं एका कंपनीच्या मालाचं नाव, पण कुठलीही टूथपेस्ट जशी ‘कोलगेट’ होते, तशी ओटीत सगळ्यांची हार्मोनिक झाली.

थरथरणारी सळई

अल्ट्रासॉनिक म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येतं त्यापलीकडचं, सेकंदाला २०,००० कंपनांच्या वरचं. सोनोग्राफीतही हाच शब्द असतो म्हणून लोक दोन्ही एकच समजतात. सोनोग्राफीची कंपनं सेकंदाला काही दशलक्ष आणि अगदी हळुवार. ती आत जाऊन प्रतिध्वनी घेऊन परत येतात. कात्रीची कंपनं संख्येने कितीतरी कमी, सेकंदाला साधारण ५५,५००, पण दणकट. ती प्रतिध्वनी आणायला जात नाहीत, काम करायला जातात.

ही कंपनं येतात कुठून? स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर घ्या. खटका दाबला की आतल्या एका स्फटिकावर फटका बसतो आणि वीज तयार होऊन ठिणगी पडते. हाच खेळ उलटा केला, म्हणजे तशाच पदार्थाला वीज दिली, तर तो फुगतो-आक्रसतो. कात्रीच्या मुठीमागे अशा चकत्यांची चळत असते. तिची थरथर टायटॅनियमच्या लांब सळईतून टोकापर्यंत पोचते.

टोक हलतं किती? ५० ते १०० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम केसाच्या जाडीएवढं. डोळ्याला ते स्थिर दिसतं. पण ८० मायक्रॉनचं अंतर सेकंदाला ५५,५०० वेळा पुढे-मागे कापायचं तर टोकाला मधल्या टप्प्यात ताशी ५० किलोमीटरच्या आसपास वेग गाठावा लागतो. केसाच्या जाडीएवढ्या जागेत एसटीच्या वेगाने येरझारा.

कात्रीचे जबडे दोन. एक ही थरथरणारी सळई, म्हणजे तापणारी बाजू. दुसरा स्थिर, त्याला आतून टेफ्लॉनची पट्टी, आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतं तेच टेफ्लॉन. मधे शीर धरायची, दाबायची, पायाखालचं पेडल मारायचं. थंडीत तळहात चोळल्यावर ऊब येते, यज्ञात अरणी घुसळून अग्नी पाडतात, तोच हा घर्षणाचा प्रकार. उष्णतेने ऊतीतली, म्हणजे पेशींच्या त्या थरातली, प्रथिनं उलगडून चिकट होतात. अंड्याचा पांढरा भाग ६०-६५ अंशांच्या पुढे पारदर्शक राहत नाही, घट्ट होतो. तसंच काहीसं इथे होतं. शिरेच्या दाबलेल्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि मग मधून तुटतात. पाच मिलिमीटरपर्यंतच्या शिरा अशा बंद होतात, काही नव्या कात्र्या सातपर्यंत जातात.

विजेच्या हत्याराने ऊतीचा कोळसा होतो, धूर होतो. इथे ऊतीचं तापमान बहुतेक शंभराच्या आत राहतं, धुराऐवजी बारीक तुषारांची वाफ उडते. त्यामुळे ‘ही थंड कात्री, हिने भाजत नाही’ असा एक गोड समज पसरला. माझ्या मते सगळी गडबड या ‘थंड’ शब्दाने केली आहे.

चिकनच्या तुकड्यावरचा डाग

शिकाऊ डॉक्टरांना यंत्र दाखवायचं असलं की मी बाजारातून चिकनच्या छातीचा तुकडा आणवते. एका टोकाला कात्री लावायची आणि सलग दहा-बारा सेकंद पेडल दाबून ठेवायचं. तुकडा कापला जातो, कडा पांढरी होते, सगळे माना डोलावतात. मग पेडल सोडायचं. आवाज बंद. ब्लेड, म्हणजे ती थरथरणारी सळई, दिसायला होतं तसंच, चकचकीत, निरुपद्रवी. आता तेच ब्लेड, काहीही चालू न करता, तुकड्याच्या कच्च्या गुलाबी भागावर नुसतं टेकवायचं आणि उचलायचं. ब्लेडच्या आकाराचा पांढरा डाग उमटलेला असतो. त्यानंतर ब्लेड स्टीलच्या वाटीतल्या सलाइनमध्ये बुडवलं की फोडणीची पळी आमटीत बुडवल्यासारखं चर्र होतं.

एवढं बघितल्यावर ‘थंड’ हा शब्द कुणी पुन्हा वापरत नाही.

ऊतीचं तापमान शंभराच्या आत राहायला कारण आहे. ऊतीत पाणी असतं आणि पाणी उकळून जाईपर्यंत तापमान फार चढू देत नाही. पातेल्यात पाणी आहे तोवर भांडं करपत नाही, तसं. पण पाणी आटलं, किंवा ऊती कापून झाली आणि ब्लेड टेफ्लॉनच्या पट्टीवरच घासत राहिलं, की अडवायला काही उरत नाही. जास्त वेळ चालू ठेवलेलं ब्लेड २०० अंशांच्या वर गेल्याच्या नोंदी प्रयोगांमध्ये आहेत. स्कॉटलंडमध्ये डंडीच्या संशोधकांनी २००३ मध्ये डुकरांवरचे निष्कर्ष छापले. मोठ्या शक्तीवर सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त चालवलं तर आजूबाजूच्या ऊतीपर्यंत धोकादायक उष्णता पोचते, असा त्यांचा इशारा होता. ओटीत आजही ऐकू येणारी ‘दहाच्या आत सोडा’ ही सूचना याच जातीची.

तापलेलं ब्लेड गार व्हायला किती लागतं? वीस सेकंदांपासून पाऊण मिनिटापर्यंत, कधी आणखी. हे वाचायला थोडं वाटतं. पण सर्जनचा हात एका जागेवरून दुसऱ्या जागी दोन सेकंदांत जातो.

इतका वेळ लागण्याचं कारण टायटॅनियम. हा धातू हलका, दणकट, कंपनं न गमावता पोचवणारा, म्हणून सळईला उत्तम. पण उष्णता वाहून नेण्यात आळशी. ॲल्युमिनियमचं पातेलं झटकन तापतं आणि झटकन निवतं. या कामात वापरतात ते टायटॅनियमचे मिश्रधातू ॲल्युमिनियमच्या वीस-तीसपटींनी कमी उष्णता वाहतात. टोकाला झालेली उष्णता सळईत मागे पसरत नाही, टोकालाच बसून राहते. फुगवलेल्या पोटात वाराही नसतो.

किती अंशांना पेशी मरते?

हा हिशेब तापमान आणि वेळ यांचा मिळून होतो. १९४७ मध्ये अमेरिकेत मॉरिट्झ आणि हेन्रिकेझ यांनी कातडीवर केलेल्या प्रयोगांचे आकडे अजून शिकवले जातात. ४४ अंशांना कातडी कायमची भाजायला सहा तास लागतात. तिथून वर काही अंशांपर्यंत दर अंशाला हा वेळ साधारण निम्मा होत जातो. साठीला मामला काही सेकंदांवर येतो, सत्तरीला एक सेकंदही पुरे. गरम पाण्याची पिशवी घेऊन झोप लागलेल्या आजीच्या पायाला फोड येतो, पण त्याच पाण्यात पटकन बोट बुडवून काढलं तर काही होत नाही, ते यामुळे.

हे कातडीचं झालं. आतड्याची भिंत दोन-तीन मिलिमीटरची. मूत्रपिंडातून लघवी खाली आणणारी मूत्रवाहिनी त्याहून नाजूक. मावशीच्या ऑपरेशनात तर ती गर्भाशयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीखालून, गर्भाशयमुखापासून दीड-दोन सेंटिमीटरवरून जाते. पुलाखालून पाणी जातं तसं, असं डॉक्टरकीच्या मुलांना पाठ करायला लावतात. नेमकी हीच रोहिणी कात्रीने बंद करून कापायची असते. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरपर्यंत उष्णता बाजूला पसरते, हे धरलं तर दीड सेंटिमीटर भरपूर आहे. पण गाठींनी गर्भाशय वेडंवाकडं झालेलं असेल, आधीच्या सिझेरियनमुळे सगळं चिकटलेलं असेल, तर पुस्तकातलं अंतर पोटात सापडेलच असं नाही.

दिसत नाही, हीच गोम

भाकरी उतरवून गॅस बंद केला की तवा आधी होता तसाच काळा दिसतो. घरच्या माणसाला तो तापलेला आहे हे ठाऊक असतं, पाहुण्याला नसतं. पोटात कॅमेरा हा असा पाहुणा आहे. त्याला आकार दिसतो, रंग दिसतो, उष्णता दिसत नाही. आणि तो एका वेळी एकच जागा बघतो. सर्जनने जरा जवळून बघायला कॅमेरा पुढे नेला की कात्रीचा मागचा भाग पडद्याबाहेर जातो. तो कशाला टेकलाय, हे त्या क्षणी खोलीतल्या कुणालाच ठाऊक नसतं.

इजा झाली तरी ती लगेच कळत नाही, हा आणखी एक ताप. इस्त्री जरा जास्त वेळ टेकली तर सदऱ्यावर फिकट पिवळा डाग पडतो. त्या दिवशी कापड शाबूत असतं. दोन-तीन धुण्यांनंतर मात्र नेमकं तिथेच विरतं आणि भोक पडतं. आतड्याचं असंच होतं. ऑपरेशनच्या वेळी फार तर पांढुरका ठिपका दिसतो, तोही दिसला तर. मेलेला भाग पुढच्या काही दिवसांत गळतो आणि आतड्यातली घाण पोटात उतरते. अशी इजा क्वचित होते, पण झाली की जिवावर बेतू शकते. संमतिपत्रातली ती ओळ उगीच घाबरवायला लिहिलेली नव्हती.

मग सांभाळायचं कसं?

चांगला सर्जन बघायचा असेल तर त्याचा हात पेडल सुटल्यानंतर काय करतो ते बघावं, असं माझं मत झालं आहे.

थरथरणारा जबडा कायम डोळ्यांसमोर हवा, आणि तोंड आतड्यापासून, मूत्रवाहिनीपासून फिरवलेलं. कात्री मुठीजवळच्या चाकाने गोल फिरवता येते, ती सोय याचसाठी आहे. शीर धरताना पुरेशी धरायची, पण ओढायची नाही. ताणलेली ऊती लवकर तुटते आणि नीट चिकटण्याआधीच रक्त येतं. रक्त आलं की घाई होते, घाईत पेडल जास्त वेळ दाबलं जातं. शक्तीचे दोन टप्पे असतात. मोठ्यावर भराभर कापतं पण चिकटतं कमी, लहानावर सावकाश कापतं आणि शीर पक्की बंद होते. नवशिक्यांना वाटतं लहान म्हणजे सुरक्षित. तसं सरळ नाही. लहानावर जास्त वेळ धरावं लागतं, आणि वेळ म्हणजे उष्णता.

म्हणून थोडं थोडं चालवायचं, मधे थांबायचं. यंत्र चालू असताना बीप वाजत राहतो. नव्या यंत्रांत ऊती तुटायला आली की सूर बदलतो. अनुभवी सिस्टर तो आवाज कानाने मोजत असते. मी एका सिस्टरना ओळखते, त्या सातव्या बीपला घसा खाकरतात. सर्जनला पुरेसं असतं.

ऊती तुटली की ताबडतोब सोडायचं. रिकामे जबडे मिटून चालवले की टेफ्लॉनची पट्टी जळते. आधी लावलेल्या धातूच्या क्लिपला चालू ब्लेड लागता कामा नये, कारण एवढ्या वेगाने थरथरणाऱ्या सळईला धातूचा ओरखडा पुरतो. तिथून तडा जातो आणि टोक तुटून पोटात पडू शकतं.

आता सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम. नुकत्याच वापरलेल्या कात्रीने आतडं बाजूला सारायचं नाही, काही उचलायचं नाही. ऐकायला सोपं आहे. पण हातात कात्री आहे, आतडं मधे येतंय, दुसरं हत्यार घ्यायचं तर ही बाहेर काढा, ती आत घाला. दर वेळी अर्धं मिनिट. तीन तासांच्या ऑपरेशनात असं पन्नासदा होतं, आणि एकावन्नाव्या वेळी माणूस म्हणतो, जाऊ दे, नुसतं टेकवतोय.

त्यावरचा उपाय गावठी आहे. सिस्टरच्या ट्रॉलीवर सलाइनची वाटी आणि ओलं गॉज. कात्री बाहेर आली की टोक आधी वाटीत, मग पुसायची, मग परत द्यायची. बाहेर काढायला वेळ नसेल तर पोटातच ओल्या गॉजचा तुकडा ठेवून त्याला ब्लेड टेकवतात. ओलाव्याला टेकलेलं ब्लेड हवेत धरलेल्या ब्लेडपेक्षा कितीतरी लवकर निवतं. पुसल्याने चिकटलेला करपट थरही निघतो, म्हणजे पुढच्या वेळी कापायला कमी वेळ लागतो.

थायरॉइडच्या ऑपरेशनात हे सगळं आणखी बारीक होतं. तिथे आवाजाची नस ग्रंथीच्या पाठीला लागून जाते. तापलेलं ब्लेड तिच्यापासून किमान तीन ते पाच मिलिमीटर लांब ठेवा असं सांगतात, आणि त्याहून जवळ जायचं असेल तर सर्जन ही कात्री ठेवून देतात. साधी कात्री, साधा दोरा. माझ्या लेखी तोच खरा कसबी हात.

पाण्याचा फवारा मारत का नाहीत?

हे मावसभावाने विचारलं. प्रश्न हुशार आहे, कारण दुसरीकडे नेमकं तेच करतात. दात साफ करायला गेलात की दंतवैद्याचं किरकिरणारं यंत्र आठवा. तेही अल्ट्रासॉनिकच, आणि त्यातून सतत पाणी येत असतं, दात तापू नये म्हणून. न्यूयॉर्कचे डोळ्यांचे डॉक्टर चार्ल्स केलमन यांना अशाच दंतवैद्याच्या खुर्चीत कल्पना सुचली आणि १९६७ मध्ये त्यांनी मोतीबिंदू याच कंपनांनी फोडून काढला. आज आपल्याकडे आजी-आजोबांचं जे ‘फेको’ होतं, ते हेच. त्या सुईभोवतीही पाण्याचं आवरण वाहतं. ते तुंबलं तर बुबुळावरची छोटी चीर भाजते, म्हणून डोळ्यांचे सर्जन पाण्याच्या प्रवाहावर लक्ष ठेवून असतात.

पण दातात आणि डोळ्यात उष्णता नको असते. पोटात तीच हवी असते, शीर तिनेच बंद होते. चालू ब्लेडवर पाणी मारत राहिलात तर चटका जाईल आणि रक्त थांबवण्याचं कामही जाईल. शिवाय तुषार कॅमेऱ्याच्या काचेवर. पाणी लागतं ते काम झाल्यावर, आणि त्यासाठी वाटी पुरते.

यंत्राला आपलं आपण कळत नाही का?

थोडंफार कळतं, आणि कसं कळतं ते मला फार आवडतं. तंबोरा उन्हात ठेवला की तारा उतरतात. टायटॅनियमची सळईही तापली की किंचित मऊ पडते आणि तिचा सूर उतरतो, ५५,५०० वरून जरासा खाली. कानाला हे कळणं शक्य नाही, पण यंत्र दर क्षणी सळईचा सूर तपासत असतं. तो झपाट्याने उतरू लागला म्हणजे ऊती संपली, ब्लेड पट्टीवर घासतंय, असं ओळखून नवी यंत्रं शक्ती आपोआप कमी करतात. तर भावाला सांगायला हरकत नाही: हार्मोनियम नाही, पण सूर लावणं आहे.

यात मेख एकच. सूर कळतो तो सळई वाजत असताना. पेडल सोडलं की यंत्र बहिरं. पुढची तीस सेकंदं ब्लेड किती तापलेलं आहे, याची त्याला काही खबर नसते. म्हणजे धोक्याचा काळ पुन्हा माणसाच्याच सवयीवर येतो.

‘रोबो आला की हे सगळं संपेल’ असं म्हणणारेही भेटतात. रोबोच्या हाताची खुबी म्हणजे मनगटासारखं वळणारं टोक. ही सळई मात्र वळवता येत नाही, वाकवली की कंपनांची लय मोडते. सळईत दर साडेचार सेंटिमीटरला एक जागा अशी असते जिथे हालचाल शून्य असते. तिथेच रबरी कड्यांनी तिला आधार देतात, बाकी ती नळीत अधांतरी. असली नाजूक मांडणी कोपरात वळवणार कशी? रोबोलाही ही कात्री सरळच धरावी लागली आहे. आणि तापलेलं टोक कुणाच्याही हातात तापलेलंच.

मग विजेचं यंत्र बरं नव्हतं का?

विजेची दुखणी वेगळी. त्या हत्याराच्या दांड्यावरचं आवरण कुठे चिरलेलं असेल तर प्रवाह मधूनच निसटतो, तोही कॅमेऱ्याबाहेर, आणि आतडं तिथे भाजतं. हे तर पेडल दाबलेलं असताना, सर्जन दुसरीकडेच बघत असताना होतं. हार्मोनिकमध्ये शरीरातून वीज जात नसल्याने ते भय नाही. पेसमेकर असलेल्या रुग्णाला तर हा मोठाच दिलासा. रक्त कमी जातं, धूर नाही, हत्यारांची अदलाबदल कमी. हे सगळे फायदे खरे आहेत. मावशीला मी ‘ही कात्री नको म्हणा’ असं सांगितलं नाही. एक उष्णता सोडून दुसरी घ्यायची, एवढाच पर्याय आहे, आणि प्रत्येकीच्या खोडी माहीत असणं हा त्यातला इलाज. अमेरिकेत सेजेस या सर्जनांच्या संघटनेने केवळ या यंत्रांच्या सुरक्षित वापरासाठी ‘फ्यूज’ नावाचा अभ्यासक्रम काढला, कारण वर्षानुवर्षं ही हत्यारं वापरणाऱ्यांनाही आत काय घडतं हे नीट सांगता येत नव्हतं.

बिलातली ओळ

यावर ओटीत कुजबुज होते, मोकळेपणी बोललं जात नाही. यातल्या बहुतेक कात्र्यांवर ‘एकदाच वापरा’ असं छापलेलं असतं. किंमत बघता आपल्याकडे अनेक ठिकाणी त्या निर्जंतुक करून पुन्हा वापरल्या जातात, आणि नव्या कात्रीचा पूर्ण खर्च एका रुग्णावर पडत नाही हा त्यातला व्यवहार. मी त्यावर नाक मुरडणार नाही. पूर्ण किंमत लावली तर कित्येकांचं दुर्बिणीचं ऑपरेशनच राहून जाईल. पण तपासणीला येणाऱ्या जुन्या कात्र्यांत मला टेफ्लॉनची पट्टी मधोमध खणलेली दिसते, पाट्यावर खाच पडावी तशी. अशी पट्टी शीर नीट दाबत नाही. मग कापायला वेळ जास्त, म्हणजे ब्लेड जास्त तापलेलं. जंतू मारले म्हणजे कात्री नवी झाली असं नाही. बिलात ‘हार्मोनिक’ असेल तर ती नवी की वापरलेली, हे विचारायचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. आवाज चढवायची गरज नाही, सहज विचारावं.

घरी आल्यावर

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. पहिल्या दिवशी खांदा दुखतो, तो पोटात भरलेल्या वायूमुळे, त्याने घाबरू नये. पण दोन-चार दिवस बरं वाटून पुन्हा दुखायला लागलं, दुखणं वाढत चाललं, ताप आला, पोट फुगलं, नाडी जलद चालतेय, उलट्या होताहेत, कुशीत दुखतंय किंवा खालून पाण्यासारखं सारखं गळतंय, तर ‘टाके ओले आहेत, दुखणारच’ म्हणून घरी बसायचं नाही. त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन, रात्र असली तरी. चटक्याने पडलेलं भोक आठवडाभरानेही उघडं पडू शकतं, त्यामुळे टाके काढले म्हणजे सुटलो असंही धरू नये.

मावशीने भरती होताना सर्जनला विचारलंच, “डॉक्टर, ती कात्री वापरून झाली की वाटीत बुडवता ना?” ते दोन सेकंद तिच्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, “तुमच्या घरी कोण आहे ओटीतलं?”

ऑपरेशन नीट झालं. मी आठ-दहा दिवस रोज सकाळी फोन करून एवढंच विचारत होते: कालच्यापेक्षा कमी की जास्त? सहाव्या दिवशी ती वैतागली. “कमी गं बाई! रोज काय तेच तेच. आज मी स्वतः उठून चहा टाकलाय.” सातव्या दिवशीही मी विचारलं.